शेअर सर्टिफिकेट मुलाच्या नावावर आहे, मग फ्लॅट विकायचा हक्क कोणाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातला एक जुना फ्लॅट, किंमत ७८ लाख. बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा १९९१ चा, नोंदवलेला, विक्रेत्याच्या वडिलांच्या एकट्याच्या नावावर. वडील २०१४ मध्ये वारले. नॉमिनेशन मुलाच्या नावाचं होतं, त्यामुळे २०१५ मध्ये सोसायटीनं शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर करून दिलं. आई हयात आहे आणि त्याच घरात राहते. दोन बहिणी आहेत, एक नाशिकला, एक कॅनडात. दोघींनीही फोनवर ‘आमची काही हरकत नाही’ असं सांगितलंय. एजंटचं म्हणणं, कागदपत्रं क्लिअर आहेत, शनिवारपर्यंत ५ लाख टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आणि तुम्ही विचारलंय की खरेदीखताच्या आधी कोणकोणते कागद बघायचे, आणि टोकन द्यायचं का.

५ लाखांचं टोकन शनिवारी देऊ नका. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकीचं उत्तर लांब आहे.

गेली बावीस वर्षं मी वकील म्हणून टायटल, म्हणजे मालकीहक्क, तपासणं आणि दस्त तयार करणं हेच काम करतोय. कागदांची यादी मागणारे लोक रोज भेटतात. यादी देता येते, पण तुमची अडचण यादीनं सुटणार नाही. यादीतला प्रत्येक कागद या विक्रेत्याकडे असेल आणि तरीही तो तुम्हाला पूर्ण फ्लॅट विकू शकणार नाही. फ्लॅट सोसायटीच्या दप्तरी कोणाच्या नावावर आहे हा एक प्रश्न, आणि फ्लॅट विकायचा हक्क कोणाकोणाला आहे हा दुसरा. एजंट तुम्हाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतोय. तुम्हाला दुसऱ्याचं हवंय.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये विमा पॉलिसीच्या प्रकरणात सांगितलं की नॉमिनीच्या हाती पैसे येतात, पण त्यावरचा वारसांचा हक्क जात नाही. गृहनिर्माण संस्थांच्या बाबतीत २०१६ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की सभासद वारला की सोसायटीनं नॉमिनीच्या नावानं हस्तांतर करावं, सोसायटी त्याला बांधील आहे. मात्र त्यानं वारसांचा मालकीहक्क संपत नाही, तो वारसा कायद्यानं ठरेल. पुढे २०१९ मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे वारसांची नावं लागेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणूनच घ्यायचं असतं. तुमच्या विक्रेत्याचं हस्तांतर त्याआधीचं, २०१५ चं आहे. त्यामुळे त्याच्या सर्टिफिकेटवर ‘तात्पुरता’ असा शब्द दिसणार नाही. पण त्या वेळीही हक्काची स्थिती हीच होती.

आता माणसं मोजू. मी गृहीत धरतोय की कुटुंब हिंदू वारसा कायद्याखाली येतं, फ्लॅट वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतला होता आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. यातली एकही गोष्ट वेगळी निघाली तर पुढचं गणित बदलेल. मुस्लिम कुटुंबाला त्यांचा वैयक्तिक कायदा लागतो; ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांसाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ आहे. मृत्युपत्र निघालं तर आधी त्याची छाननी करावी लागेल. ‘मृत्युपत्र नाही’ एवढं तोंडी उत्तर घेऊन थांबू नका, ते सगळ्या वारसांकडून प्रतिज्ञापत्रावर लिहून घ्या.

हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्राशिवाय वारलेल्या पुरुषाची मिळकत पहिल्या वर्गाच्या वारसांना जाते. पत्नी, मुलगे, मुली आणि आई, प्रत्येकाला एकेक सारखा हिस्सा. शिवाय वडिलांच्या आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलंही यात येतात. मुलींची लग्नं झाली म्हणून फरक पडत नाही. या यादीत लोक हमखास विसरतात ती आई, म्हणजे वारलेल्या माणसाची आई. तुमच्या विक्रेत्याची आजी.

तुमच्या प्रश्नात आजीचा उल्लेखच नाही. २०१४ मध्ये ती हयात नव्हती असं असेल तर वारस चार: आई, मुलगा, दोन मुली. प्रत्येकी पाव हिस्सा. पण त्या दिवशी ती हयात असेल, मग ती ऐंशी वर्षांची असो की पंच्याण्णव, गावी राहत असो की दुसऱ्या मुलाकडे, तर वारस पाच होतात आणि प्रत्येकाचा पाचवा हिस्सा. आता समजा ती २०१७ मध्ये वारली. तिचा पाचवा हिस्सा तिच्याबरोबर संपत नाही, तो तिच्या वारसांकडे जातो, म्हणजे तिच्या मुलांकडे. विक्रेत्याला एक काका आणि एक आत्या आहे असं धरा. मग त्या पाचव्या हिश्शाचे तीन भाग झाले: एक काकांचा, एक आत्याचा आणि एक वारलेल्या मुलाच्या, म्हणजे विक्रेत्याच्या वडिलांच्या, तीन मुलांचा मिळून. काकांचा वाटा पंधरावा. ७८ लाखांचा पंधरावा भाग ५ लाख २० हजार होतो. तेवढाच आत्याचा. ज्या काकांना पुतण्या फ्लॅट विकतोय हे ठाऊकही नाही, त्यांचा वाटा तुम्ही शनिवारी देणार आहात त्या टोकनपेक्षा जास्त भरतो.

लोकांना हे वकिलानं उगाच काढलेलं खुसपट वाटतं. तसं नाही. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं, त्यांनी फ्लॅट घेऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या खरेदीखतावर आई आणि दोन मुलगे, तिघांच्या सह्या होत्या, सगळं नोंदवलेलं होतं. एक मुलगी होती, ती वडिलांच्या आधीच वारली होती, म्हणून तिचं नाव कोणी घेतलं नाही. पण तिला मुलगा होता. आजोबा वारले तेव्हा तो शाळेत होता. एकोणिसाव्या वर्षी त्यानं वकिलामार्फत नोटीस पाठवली आणि ती बरोबर होती. आईच्या जागी तो वारस होता आणि त्याचा हिस्सा कोणीच कधी विकलेला नव्हता. जोडप्यानं शेवटी पैसे देऊन त्याच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. मधली दोन वर्षं त्या बाईंना झोप नव्हती. त्या मुलाचं काहीच चुकलं नव्हतं आणि जोडप्यानंही फसवलं नव्हतं. दस्त करताना कोणीतरी वंशावळ नीट विचारायला हवी होती, एवढंच.

वारस अल्पवयीन असेल तर आणखी एक पायरी वाढते. हिंदू अल्पवयीनता व पालकत्व अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे आईवडिलांनासुद्धा मुलाची स्थावर मिळकत कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ‘वडिलांनी पालक म्हणून सही केली आहे’ यावर समाधान मानू नका. तो मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागू शकतो.

मुलगा एकटा सही करून मोकळा झाला तर तुमच्या हाती काय येईल? फार तर त्याचा स्वतःचा हिस्सा. आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ४४ असं सांगतं की कुटुंबाच्या अविभक्त राहत्या घरातला एका सहमालकाचा हिस्सा बाहेरच्या माणसानं घेतला, तर त्याला त्या घराचा सामाईक ताबाही मागता येत नाही. त्यानं वाटपाचा दावा लावायचा. पूर्ण ७८ लाख देऊन चौथ्या किंवा पाचव्या हिश्शासाठी कोर्टात उभं राहायचं, असा त्याचा अर्थ.

‘आम्ही चांगल्या भावनेनं घेतला, आम्हाला काय माहीत’ हा बचाव तुमच्यासाठी उरलेला नाही. त्याच कायद्याचं कलम ४१ प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण देतं, पण त्यानं विकणाऱ्याचा हक्क वाजवी काळजी घेऊन तपासलेला असला पाहिजे, आणि विकणारा मालक म्हणून वावरतोय याला खऱ्या मालकांची संमती असली पाहिजे. तुम्ही बहिणींशी फोनवर बोलला आहात. त्या आहेत हे तुम्हाला माहीत आहे.

एजंट आणखी एक गोष्ट म्हणेल: ‘दहा वर्षं झाली, आता कोण येतंय.’ एक सहमालक घरात राहत असतो तेव्हा तो सगळ्यांच्या वतीनं राहतो असंच कायदा धरतो. नुसती वर्षं गेल्यानं बाकीच्यांचा हक्क बुडत नाही. त्यांचा हक्क उघडपणे नाकारून त्यांना बाहेर ठेवलं होतं, हे सिद्ध करावं लागतं. इथं तर सगळे एकमेकांशी गोडीनं बोलतात.

इथवरचं एका वाक्यात: शेअर सर्टिफिकेट बाजूला ठेवा, २०१४ च्या त्या तारखेला कोण कोण हयात होतं ते शोधा, आणि त्यातलं कोणी नंतर वारलं असेल तर त्यांच्या वारसांपर्यंत जा.

शोधायचं कसं? सोसायटीच्या कार्यालयातून सुरुवात करा. नॉमिनीच्या नावानं हस्तांतर करताना अर्ज आणि क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे कोणाचा दावा आला तर नुकसान भरून देण्याची लेखी हमी) दिलेलं असतं. विक्रेत्याच्या संमतीनं ती फाईल बघायला मागा. कित्येकदा त्यात इतर वारसांची नावं त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेली असतात. वडिलांचा आणि आजीचा, दोघांचेही मृत्यूचे दाखले घ्या आणि तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. जुनं रेशनकार्ड, वडील नोकरीत असतील तर पेन्शनच्या कागदांतली कुटुंबाची माहिती, यातून विसरलेली नावं वर येतात. मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि ‘लग्न एकच झालं होतं, दुसरी संतती नाही’ असं स्पष्ट निवेदन. हे विचारायला संकोच वाटतो, मलाही पहिली काही वर्षं वाटायचा. आता मी सरळ विचारतो आणि घरातली वडीलधारी माणसंच बहुतेक वेळा सगळ्यांत मोकळं उत्तर देतात.

तलाठी किंवा तहसील कार्यालयाचा वारस दाखला दाखवला तर तो आधाराचा कागद म्हणून ठेवा. त्यानं फ्लॅटचा हक्क ठरत नाही. कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट हे येणी आणि रोख्यांसाठी असतं, स्थावरासाठी नसतं. वारसांमध्ये वाद असेल किंवा बँकेनं आग्रह धरला, तर मुंबई रेग्युलेशन ८, १८२७ खाली दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र घेता येतं. तुमच्या प्रकरणात सगळे एकमतानं सह्या करणार असतील तर बहुधा तिथपर्यंत जावं लागणार नाही.

वारस नक्की झाले की दोन वाटा आहेत.

एक, आई आणि बहिणींनी आपापला हिस्सा मुलाच्या नावे हक्कसोडपत्र करून सोडायचा. हे दुय्यम निबंधकाकडे नोंदवलंच पाहिजे. नोटरीपुढचं संमतीपत्र, स्टॅम्प पेपरवरचं ना हरकत पत्र, व्हॉट्सॲपवरचा ‘ओके दादा’, यांनी स्थावरातला हक्क सुटत नाही, कारण नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे असा दस्त नोंदवणं सक्तीचं आहे. आईवडिलांकडून आलेल्या मिळकतीतला हिस्सा भावाला किंवा मुलाला विनामोबदला सोडताना मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, त्यामुळे खर्चाची सबब टिकत नाही. काका-आत्या निघाले तर त्यांनाही हीच सवलत मिळेल असं गृहीत धरू नका.

दोन, सगळ्यांनी थेट तुमच्या खरेदीखतावर ‘लिहून देणार’ म्हणून सही करायची. काही जण बाकीच्या वारसांना नुसतं ‘मान्यता देणार’ म्हणून घालतात. माझं मत विचाराल तर ज्याचा हिस्सा आहे तो विकणाराच असावा. मान्यता देणाऱ्यानं आपला हक्क विकला की फक्त दुसऱ्याच्या विक्रीला हरकत घेतली नाही, यावर पुढे वाद घालायला जागा राहते. मान्यता देणार म्हणून घ्यावंच लागलं तर ‘आमचा सर्व हक्क आम्ही या दस्तानं लिहून घेणार यांना देत आहोत’ असं वाक्य दस्तात असू द्या.

यातली कोणती वाट घ्यायची हे पैसे कोणाला मिळणार यावर ठरतं. बहिणींना खरोखर काही नको असेल तर हक्कसोड सरळ. त्यांना आतून पैसे मिळणार असतील तर विनामोबदला हक्कसोड लिहून वरून रोख देणं हा मार्ग धरू देऊ नका, दस्तात खोटं लिहिलेलं कधी तरी अंगावर येतं. त्या वेळी त्यांना विक्रेता म्हणून घ्या आणि त्यांच्या हिश्शाची रक्कम त्यांच्याच खात्यात जाऊ द्या.

आईविषयी मी जरा हट्टी आहे. ती त्याच घरात राहते, म्हणजे विक्रीनंतर तिचं छप्पर जाणार आहे. दस्त मी तिला स्वतः वाचून दाखवतो, मुलगा खोलीत नसताना. ‘तुम्ही पुढे कुठे राहणार, तुमचा हिस्सा सोडताय हे कळलंय ना’ एवढंच विचारतो. एकदा एका आजींनी शांतपणे सांगितलं, ‘मला हे विकायचंच नाहीये, कोणी विचारलं नाही.’ तो व्यवहार तिथेच थांबला आणि माझ्या पक्षकाराला त्याचं वाईट वाटलं. तरीही दबावाखालची सही म्हणून दोन वर्षांनी दावा येण्यापेक्षा ते बरं होतं. आणि त्या आजींचं म्हणणं खरं होतं, त्यांचं घर होतं ते.

कॅनडातल्या बहिणीला येता येणार नसेल तर तिला कुलमुखत्यारपत्र पाठवावं लागेल. ते तिनं तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर करायचं. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं. मजकुरात या फ्लॅटचं पूर्ण वर्णन आणि ‘विकण्याचा’ किंवा ‘हक्क सोडण्याचा’ नेमका अधिकार लिहिलेला हवा. ‘माझी सर्व कामं पाहावीत’ यावर भागत नाही. भावालाच मुखत्यार नेमून त्यानंच स्वतःच्या नावे हक्कसोड करून घ्यायचा, हे मी टाळतो. नाशिकच्या बहिणीला नेमा. आणि दस्ताच्या दिवशी कॅनडाच्या बहिणीशी व्हिडिओ कॉलवर बोला. देणारी व्यक्ती वारली की मुखत्यारपत्र संपतं, म्हणून ती हयात आहे हे कळतं, शिवाय तिनं मधल्या काळात ते रद्द केलेलं नाही हेही कळतं.

तिचा कराशीही संबंध आहे. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यानं निवासी विक्रेत्याला पैसे देताना तुम्ही १ टक्का टीडीएस कापून भरायचा, म्हणजे पूर्ण रकमेवर ७८ हजार. विक्रेते अनेक असतील तर प्रत्येकाच्या पॅनवर त्याच्या वाट्याप्रमाणे. मर्यादा मात्र एकूण किमतीवर मोजतात, त्यामुळे ‘माझा वाटा ५० लाखांखाली’ हे चालत नाही. बहीण करासाठी अनिवासी असेल आणि विक्रेता म्हणून पैसे घेणार असेल, तर तिच्या हिश्शाला हा १ टक्का लागू नाही. तिथं ५० लाखांची मर्यादाही नाही आणि दर बराच जास्त आहे. आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र तिनं आधी आणलं तर ठीक, नाहीतर तुमच्यावर जबाबदारी येते. हा भाग सीएकडून करून घ्या. मी स्वतःही तो त्यांच्याकडेच पाठवतो.

आता बाकीचे कागद, जे तुम्ही खरं तर विचारले होते. ते महत्त्वाचे आहेत, पण तुमच्या प्रकरणात गाडी तिथं अडलेली नाही, म्हणून भरभर सांगतो.

१९९१ चा मूळ करारनामा हातात घेऊन बघा, झेरॉक्स नको. नोंदणीची पावती आणि सूची क्रमांक २ (दस्त नोंदल्याचा निबंधक कार्यालयाचा उतारा) सोबत असावी. १० डिसेंबर १९८५ नंतर, ताबा देणाऱ्या फ्लॅट करारावर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागतं, त्यामुळे तेव्हा किती भरलं ते पहिल्या पानांवर तपासा. कमी भरलं असेल तर फरकावर दरमहा २ टक्के दंड चढतो, जास्तीत जास्त फरकाच्या चौपटीपर्यंत, आणि तो विक्रेत्यानं आधी भरायचा असं लिहून घ्या. मूळ प्रत ‘सापडत नाही’ असं म्हणाले तर सावध व्हा, ती कुठल्या तरी बँकेत असू शकते. खरोखर हरवली असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात नोटीस आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, एवढं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तीस वर्षांचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून घ्या, शोधाच्या सरकारी पावतीसह. बँक कर्ज देताना तिचा वकील तपासणी करतो, पण ती बँकेसाठी असते. अहवालात तो काय गृहीत धरून चालला हे तुम्हाला कोणी सांगत नाही. शोधात नोंदवलेले दस्त दिसतात. वारसांची भांडणं, नोंदवलेली नसलेली उधारी दिसत नाही. म्हणून सरसाई या केंद्रीय नोंदणीवर फ्लॅटवरचा कर्जाचा बोजा बघा आणि ई-कोर्ट्सवर वडिलांच्या आणि सगळ्या वारसांच्या नावानं दावे शोधा. जाहीर नोटीस द्या, रिवाज चौदा दिवसांचा आहे. पण नोटिशीला कोणी उत्तर दिलं नाही म्हणून वारसाचा हक्क जातो असं मुळीच नाही. नोटीस म्हणजे तुम्ही काळजी घेतल्याचा पुरावा.

इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र आहे का, आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हे मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढून बघा. पुण्यात कित्येक जुन्या सोसायट्यांची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे. मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरनं जमीन करून दिली नाही तर सरकारी आदेशानं ती सोसायटीच्या नावावर करून घेणं) झालेलं नसेल तर फ्लॅट घ्यायचा नाही असं मी म्हणणार नाही, पण पुनर्विकासाच्या वेळी अडचण येते आणि किमतीत ते धरायला हवं.

सोसायटीकडून थकबाकी नसल्याचं पत्र घ्या. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतराला सोसायटीची ना हरकत लागत नाही. बँक मागते म्हणून घ्यावी लागते एवढंच. हस्तांतर अधिमूल्य महानगरपालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. त्याहून अधिक ‘देणगी’ मागितली तर लेखी मागणी मागा.

मुद्रांक शुल्क रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारनं ठरवलेलं, मूल्य आणि ठरलेली किंमत यांत जे जास्त असेल त्यावर. पुणे महापालिका हद्दीत सर्व मिळून ७ टक्के, खरेदीदार फक्त महिला असेल तर १ टक्का सवलत. तुमच्या किमतीवर ती ७८ हजार होते, घरात एकदा बोलून बघा.

आता शनिवार. दुसरं गिऱ्हाईक खरंच असेल, शक्य आहे. तुम्हाला घर आवडलंय, ते जाईल याची भीती मला समजते. पण ज्या अडचणीपाशी तुम्ही थांबलात तिथं ते दुसरं गिऱ्हाईकही थांबेल, निदान त्याची बँक तरी थांबवेल. तेव्हा ५ लाखांऐवजी ५१ हजार द्या, बँक खात्यातून, इसार पावतीवर. पावतीवर विक्रेत्याबरोबर आईची आणि नाशिकच्या बहिणीची सही घ्या. मजकुरात तीन गोष्टी हव्यात: सर्व वारसांनी हक्कसोड नोंदवायचं किंवा खरेदीखतावर सही करायची; साठ दिवसांत तसं झालं नाही किंवा टायटल निर्वेध निघालं नाही तर पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत; आणि तोपर्यंत फ्लॅट दुसऱ्याला द्यायचा नाही. रोख देऊ नका. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तुमच्याकडे रोखीचा पुरावा उरत नाही.

मोठी रक्कम नोंदवलेल्या साठेखताच्या (खरेदीखताआधीच्या विक्री कराराच्या) वेळी, आणि साठेखत वारसांचं काम पुरं झाल्यावर. उरलेली रक्कम खरेदीखत, ताबा पावती आणि सगळी मूळ कागदपत्रं हातात येतील त्या दिवशी. मधल्या कोणत्याही टप्प्यावर ‘आधी पैसे द्या, बहिणीचा कागद मागून येईल’ असं म्हणाले तर ‘कागद येऊ दे, मी थांबतो’ एवढंच उत्तर द्या. प्रामाणिक विक्रेता थोडा कुरकुरतो आणि मग कागद करतो. असे पुष्कळ पाहिलेत मी. त्यांनाही कोणी हे आधी समजावून सांगितलेलं नसतं, आणि तुमच्या विक्रेत्याच्या मनात काही काळंबेरं आहे असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटत नाही.

उद्या त्याला फोन कराल तेव्हा पैशाच्या आधी आजीचं विचारा. आजीच्या मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख वडिलांच्या आधीची निघाली तर चार सह्या. नंतरची निघाली, किंवा आजी अजून हयात असेल, तर तसं मला कळवा, काका-आत्यांपर्यंत किंवा आजीपर्यंत कसं जायचं ते मग बघू.